गलबतांवरची पट्टी आणि बाजारातली मांजरे

मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्याला खारेपाटण हे आज एस.टी.च्या थांब्यापुरते आठवते. एकेकाळी विजयदुर्गच्या खाडीतून आत आलेला माल येथे उतरत असे आणि घाट चढून देशावर जात असे. त्या काळाची साक्ष म्हणून एक ताम्रपट या गावी सापडला. शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा. तो करून देणारा राजा दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातला रट्टराज. हा लेख विद्वानांपुढे मांडला तो बाळशास्त्री जांभेकरांनी. त्यांचे पोंभुर्ले इथून जवळच आहे, त्यामुळे आम्हा खारेपाटणकरांना या गोष्टीचा दुहेरी अभिमान वाटतो.

इतिहासकार या पटाकडे वळतात ते त्यातल्या वंशावळीसाठी. मला त्यातली दानाची व्यवस्था अधिक मोलाची वाटते. राजाने अव्वेश्वराच्या पूजेसाठी, देवळाच्या दुरुस्तीसाठी आणि तेथील तपस्व्यांच्या अन्नवस्त्रासाठी तीन गावे दिली, यात नवल नाही. असे सगळेच राजे करीत. पण पुढे कलम आहे, की परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे सोन्याचा एक गद्याण आणि कंदलमूलीयाहून येणाऱ्या गलबतामागे सोन्याचा एक धरण याच कामाकडे जावा. चेमुल्य आणि चंद्रपूर, म्हणजे आपले चौल आणि गोव्यातले चांदर, यांची गलबते मात्र वगळली. धर्मकार्याचा खर्च असा व्यापाराच्या वाटेवरच बांधून टाकला होता. कोणाच्या दारी जाऊन हात पसरायचा नाही, कोणाची मर्जी सांभाळायची नाही. तांडेलाने बंदराला लागावे आणि गद्याण मोजावा.

ही युक्ती पुढे आठशे वर्षांनी मुंबईत पुन्हा दिसते. या वेळी मात्र ती देवासाठी नव्हती, मुक्या जनावरांसाठी होती.

१८३२ साल मराठी माणसाला ठाऊक असते ते ६ जानेवारीला निघालेल्या ‘दर्पणा’मुळे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुंबईच्या कोटात कुत्र्यांवरून दंगल झाली. उन्हाळ्याच्या ठराविक मुदतीत बेवारशी कुत्री मारण्याचा सरकारी नियम जुनाच होता. त्या वर्षी मुदत वाढवली गेली आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठरले. आठ आण्यांसाठी माणूस काय करील हे सांगायला नको. पकडणारे लोक घरादारांत शिरून पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले अशी ओरड झाली. ६ जून हा पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी जमावाने कुत्री पकडणाऱ्या शिपायांना झोडपले. पारशांच्या धर्मात कुत्र्याला मोठे स्थान आहे, आणि जैन व हिंदू वाणीही त्यांना येऊन मिळाले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, गोऱ्या पलटणीचे पावपाणी अडले, आणि शेवटी लष्कर बोलावावे लागले. पुढाऱ्यांना शिक्षा झाल्या, शहर शांत झाले. पण कुत्री होती तेथेच राहिली.

हा प्रश्न शेवटी सोडवला तो व्यापाऱ्यांनी. १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि मोतीशा शेट यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. मारू नका, आमच्या हवाली करा, आम्ही पोसतो, असा तो रोकडा सौदा होता. पोसायला पैसा हवा. तो दोघांच्या देणग्यांतून आला हे खरे, पण देणगी एकदा मिळते आणि जनावर रोज खाते. म्हणून महाजनांनी कापसासारख्या मालाच्या उलाढालीवर ‘लागा’ बसवला. सौदा झाला की जीवदयेचा वाटा बाजूला निघायचा. रट्टराजाचा गद्याण तो हाच, फक्त राजाज्ञेच्या जागी आता पेढीचा रिवाज आला होता. जमशेटजींची संपत्ती कापसाबरोबरच चीनला जाणाऱ्या अफूवरही उभी होती, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. मुंबईच्या भटक्या कुत्र्याला मिळालेल्या भाकरीचा पीठमीठ कुठून कुठून आला याचा शोध फार खोलवर घेऊ नये हे बरे.

मांजराचे काय? गुजरातेत त्याची सोय फार आधीपासून होती. १५८० नंतरच्या दशकात खंबायतला आलेल्या रॅल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याने तिथे लंगडीलुळी कुत्री आणि मांजरे सांभाळण्याची जागा असल्याचे लिहून ठेवले आहे. आपल्याकडे मांजराला संरक्षण होते ते धाकाचे. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे आजीने प्रत्येकाला सांगितलेले असते. सोन्याचे मांजर कोणाला परवडणार? त्या एका भीतीने जेवढी मांजरे वाचली तेवढी कोणत्याही कायद्याने वाचली नसतील. पण भीतीने जीव वाचतो, पोट भरत नाही. ते त्याने स्वतःच उंदरांवर भरावे अशी आपली अपेक्षा. प्लेगच्या काळात तर मांजराचा सरकारदरबारीही भाव वाढला. १९०८ मध्ये बुकॅनन नावाच्या इंग्रज डॉक्टरने, जेथे मांजरे अधिक तेथे प्लेग कमी, असे वऱ्हाडातल्या अनुभवावरून लिहिले. एवढी सेवा करूनही मांजराच्या नावाने लागा कोणी बसवला नाही.

पुढच्या गोष्टी लवकर सांगण्यासारख्या आहेत. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांच्या छळाविरुद्ध संस्था निघाली. १८८३ च्या सुमारास दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाईंच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ आले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० चा कायदा झाला. पण खरा फरक पडला तो मद्रासला, जिथे १९६० नंतरच्या दशकात ब्लू क्रॉसने भटकी कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी सुरू केली. पांजरपोळाच्या जुन्या विचारात जन्मलेल्याला पोसणे होते. जन्मच रोखणे त्यात बसत नव्हते. गंमत अशी, की शेतकरी बैल बडवत आला तेव्हा कोणाला त्यात धर्म बुडालेला दिसला नाही. २००१ मध्ये केंद्र सरकारने या नसबंदीचे नियम केले, त्यांच्या नावातच कुत्रा होता. मांजर तिथेही उंबऱ्याबाहेर राहिले.

आता खारेपाटणकडे. गेल्या वर्षी बाजारपेठेतल्या काही मुलामुलींनी मासळीच्या जागेभोवतीच्या मांजरांची नसबंदी करायचे मनावर घेतले आणि पावतीपुस्तक घेऊन दुकाने फिरली. हिशेब त्यांनी चोख मांडला होता. डॉक्टरांची फी, औषधे, पिंजरे, गाडीभाडे, आणि टाके सुकेपर्यंत भाट्यांना ठेवण्याचा खर्च. काहींनी दिले. बरेच जण हसले. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “देवाच्या पट्टीक आमी कधी नाय म्हणूक नाय, पण माजरांक कसले पैशे?” मुलांना राग आला. मला त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यात गावाची हजार वर्षांची सवय दिसली. पट्टी आम्ही देतो, कारण ती ठरलेली असते. वर्गणी मागणाऱ्याचे मात्र तोंड पाहून देतो.

आणि येथे वर्गणीचा दोष केवळ मानापमानाचा नाही. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. सुमारे त्रेसष्ट दिवसांत विते. तीन-चार पिल्ले, आणि वर्षात दोन-तीन वेळा. वीस मांजरींपैकी आठ जणींपुरते पैसे जमले आणि पुस्तक मिटले, तर उरलेल्या बाराजणी वर्षाच्या आत ती उणीव भरून काढतात. आठ जणींवर झालेला खर्च मग कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि पुढच्या वेळी देणारा आणखी आखडता हात घेतो. गेल्या वर्षी नेमके हेच झाले. कानाचे टोक कापलेल्या, म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्या, मांजरी बाजारात दिसतात, आणि त्यांच्याच शेजारी नवी पिल्ले बांगड्याची डोकी ओढताना दिसतात.

म्हणून मी मुलांना तो ताम्रपट वाचून दाखवला. गलबते आता येत नाहीत, खाडी गाळाने भरली. पण देवगड-विजयदुर्गहून मासळीच्या टोपल्या आजही येतात. टोपलीमागे थोडे पैसे, रोज, न मागता. मासळीवाल्या बायकांना हे मुलांपेक्षा लवकर समजले. “माजरां आमचीच, आमीच देव,” असे त्यांच्यातली एक म्हणाली. किती द्यायचे यावर तिथल्या तिथे एकमत झाले. सुक्या मासळीवाल्यांना रट्टराजाने चौलला दिली तशी सूट द्यावी का, आणि पैशाची पेटी कोणाच्या घरी ठेवावी, यावरून मात्र बैठक दोनदा मोडली आहे. तिसरी दिवाळीनंतर ठरली आहे.