‘यातायात’ शब्दाचा अर्थ व प्रयोग

जुन्या कागदांत ‘यातायात’ हा शब्द आढळला म्हणजे अलीकडील कांहीं वाचक त्याचा अर्थ ‘वाहतूक’ असा करितात. हा अर्थ हिंदींतील होय. मराठी लेखास तो लाविल्यास मजकुराचा विपर्यास होतो, म्हणून या शब्दाची थोडी चिकित्सा करणें आम्हांस इष्ट वाटतें.

संस्कृतांत ‘या’ म्हणजे जाणें. त्याचें क्तान्त रूप ‘यात’. ‘आ’ उपसर्ग लागून ‘आयात’, म्हणजे आलेलें. दोहोंचा समास ‘यातायात’, अर्थात् जाणें-येणें. भगवद्गीतेंतील (९.२१) ‘गतागत’ शब्द याच घडणीचा असून, स्वर्गीं जाऊन पुण्य सरतांच मृत्युलोकीं परतणें हा तेथील अभिप्राय आहे. संस्कृतांत जाणें आधीं, तर मराठी ‘येजा’ व फारशी ‘आमदरफ्त’ यांत येणें आधीं, ही एक मौजच म्हणावयाची.

मराठींत येतांना शब्दानें नपुंसकलिंग टाकून स्त्रीलिंग घेतलें व अर्थही पालटला. हेलपाट्यांनी शीण होतो. तेव्हां शीण, दगदग हाच मुख्य अर्थ झाला. दळणवळणास दप्तरांत ‘आमदरफ्त’ हा शब्द होताच. त्यामुळें ‘यातायात’ कष्टांच्या अर्थीं रूढ होण्यास वाव मिळाला, असें आमचें मत आहे. संतवाङ्मयांत मात्र जन्ममरणाची येरझार हा जुना अर्थ टिकून आहे.

खरी अडचण पुढेंच आहे. ‘जाति’ शब्दाचें ‘याती’ असें रूप तुकोबांच्या अभंगांत येतें, व त्याचीच द्विरुक्ति ‘यातायाती’. इकडे ‘यातायात’ शब्दाचें सामान्यरूपही ‘यातायाती’च! ‘यातायातीचा’ एवढेंच पद पुढें आलें तर तें जातीविषयीं कीं फेऱ्याविषयीं, हें व्याकरण सांगूं शकत नाहीं. मोडींत तर शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं व वेलांटीचा ऱ्हस्वदीर्घ भेदही नाहीं. त्यामुळें लिपीचेंही साहाय्य होत नाहीं. अशा स्थळीं शेजार पाहावा. कुळ, वर्ण जवळ असतील तर ‘याती’ समजावी. जन्म, मरण, शीण असतील तर ‘यातायात’.

‘यातना’ शब्दाचा येथें कांहीं संबंध नाहीं. तो ‘यत्’ धातूच्या प्रयोजक रूपापासून झाला आहे. तरी नकलकार ‘यातायात’ हा लेखनदोष समजून ‘यातना’ अशी दुरुस्ती करण्याचा संभव असतो. संग्राहकांनीं पोथीचा पाठ छापतांना मूळ अक्षरें तशींच ठेवावीं व आपली सूचना कंसांत द्यावी.