उसना शॉकअ‍ॅब्सॉर्बर : मोटारसायकलच्या सस्पेन्शनच्या इतिहासातील एक प्रकरण

मोटारसायकलच्या इतिहासावरील ग्रंथांची मांडणी बहुधा कारखान्यांच्या नावांनी केलेली आढळते. अमुक साली अमुक कारखान्याने तमुक सुधारणा केली, अशा नोंदींची ती मालिका असते. या मांडणीत एक गृहीत दडलेले आहे. सुधारणा ही कारखान्याच्या आरेखनशाळेत जन्म घेते आणि तेथून रस्त्यावर उतरते, असे ते गृहीत होय. इंग्लंडमधील मोटारसायकलींच्या मागील चाकाच्या सस्पेन्शनचा १९४० ते १९६५ या काळातील इतिहास तपासला असता हा क्रम निदान एकदा तरी उलटा झाला होता असे दिसते. जुनी गाडी, परक्या वाहनाचा उसना भाग आणि तो बसविण्याचा खटाटोप, असा त्या सुधारणेचा उगम आहे. कारखाना तीत मागाहून आला.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बहुसंख्य मोटारसायकलींचा मागचा भाग अगदी ताठ असे. चाकाचा आस सरळ सांगाड्यातच आवळलेला असल्यामुळे रस्त्याचा प्रत्येक हिसका स्वाराच्या पाठीपर्यंत पोचत असे. बैठकीखाली दोन स्प्रिंगा असत, पण त्यांचा उपयोग स्वाराला, चाकाला नव्हे. खड्ड्यावरून उडालेले चाक जितका वेळ हवेत राही तितका वेळ इंजिनाची सारी शक्ती वाया जाई, व वळणावर असे घडल्यास गाडी बाजूला फेकली जाई. सस्पेन्शन म्हणजे केवळ सुखासीनपणाची सोय, ही समजूत त्या काळी कित्येक शर्यतपटूंचीही होती. वास्तविक चाक जमिनीला टेकलेले ठेवणे हे त्याचे पहिले कार्य, आणि सुख हे त्याचे उपफल.

यासंबंधीचे ज्ञान युद्धापूर्वी अजिबात नव्हते असे मात्र नाही. व्हिन्सेंटने १९२८ पासूनच मागे स्प्रिंगांची योजना केली होती. १९३५ साली स्टॅन्ली वुड्‌स याने मागील चाकास स्प्रिंग असलेल्या इटालियन मोटो गुझ्झीवर आइल ऑफ मॅन येथील सीनियर शर्यत जिंकली, तीही अवघ्या चार सेकंदांनी. त्याच वर्षी जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने आर १२ या गाडीस तेलाने दमन होणारा टेलिस्कोपिक फोर्क बसविला. दमन हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. नुसती स्प्रिंग दाबली की ती उसळी घेते आणि पुनःपुन्हा झुलत राहते. बारीक छिद्रांतून तेल ढकलावयास लावून ही झुलण्याची शक्ती उष्णतेत विरवून टाकली म्हणजे चाक एका उसळीत शांत होते. आल्फ्रेड स्कॉटच्या गाड्यांना १९०८ पासून टेलिस्कोपिक फोर्क होताच; त्यात हे दमन नव्हते. मॅचलेसने १९४१ मध्ये लष्करासाठी केलेल्या जी ३/एल या गाडीवर बीएमडब्ल्यूच्या धर्तीचा फोर्क आला आणि युद्धानंतर तो हळूहळू सर्वत्र पसरला.

अशा रीतीने पुढचे चाक सुधारले, आणि त्यामुळेच मागचे चाक डोळ्यांत भरू लागले. कारखान्यांनी त्यावर काढलेले तोडगे अर्धवट होते. ट्रायम्फने स्प्रिंगा चाकाच्या मधल्या तुंब्यातच कोंबल्या. त्यामुळे चाकाचे वजन वाढले, व सस्पेन्शनच्या दृष्टीने चाकाचे वजन हेच तर सर्वांत घातक; कारण जड चाक खड्ड्यानंतर चटकन खाली येत नाही. नॉर्टन आदी कारखान्यांनी प्लंजर पद्धत स्वीकारली. तीत आसाची दोन टोके दोन उभ्या नळ्यांत वरखाली सरकतात. ही दोन टोके परस्परांशी भक्कमपणे जखडलेली नसल्याने वळणावर चाक किंचित तिरपे होते, आणि आस सरळ रेषेत सरकत असल्यामुळे साखळीचा ताण सतत बदलतो. नॉर्टनच्या या सांगाड्याला ‘गार्डन गेट’, म्हणजे बागेचे फाटक, असे नाव पडले होते. शर्यतीत त्याला तडे जात.

येथे बेलफास्टचे मॅक्कँडलेस बंधू या इतिहासात प्रवेश करतात. थोरला रेक्स हा १९१५ साली जन्मलेला, स्वतःच्याच धडपडीने शिकलेला यंत्रकार. धाकटा क्रोमी हा शर्यतपटू, ज्याने पुढे १९५१ साली आइल ऑफ मॅनची १२५ सीसी शर्यत जिंकली. रेक्स युद्धपूर्व काळातील ट्रायम्फ टायगर १०० चालवीत असे. युद्धाच्या वर्षांत वाहने दुरुस्त करण्याच्या कामात त्याचा हात फिरत होता, आणि नवे सुटे भाग दुर्मिळ असल्याने जे हाताशी असेल त्यावर भागविणे हा त्या व्यवसायाचा नियमच होता. याच काळात त्याने बेनियल नावाची स्वतःची गाडी बनविली. तिच्या मागील चाकास त्याने स्विंग आर्म दिला, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे एका खुंटीवर वरखाली फिरणारा दुहेरी बाहू. आणि त्या बाहूच्या हालचालीवर नियंत्रण ठेवण्यासाठी सिट्रोएन मोटारीचे तेलाचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर उभे बसविले.

यात नवे काय आणि उसने काय, हे काटेकोरपणे वेगळे करावयास हवे. स्विंग आर्म नवा नव्हता. वेलोसेटच्या शर्यतीच्या गाड्यांवर तो युद्धापूर्वीच आला होता. शॉकअ‍ॅब्सॉर्बर तर सरळ मोटारीचाच. नावीन्य त्यांच्या मेळात होते. मोटारीचा भाग मोटारसायकलीला बसवावयाचा म्हणजे केवळ दोन भोके पाडणे नव्हे. मोटारीच्या एका चाकावर येणारा भार मोटारसायकलीच्या चाकाहून कितीतरी अधिक. तेव्हा भाग आसाच्या किती पुढे अगर मागे, किती तिरका बसवावा यावरून त्याची परिणामकारक ताकद ठरते. शिवाय बाहूची खुंटी साखळीच्या पुढील चक्राजवळ असली तरच चाक वरखाली होताना साखळीचा ताण फारसा बदलत नाही. प्लंजर पद्धतीतील दोष नेमका येथे निघून गेला. दोन्ही बाजू एकाच बाहूत जोडलेल्या असल्याने चाक तिरपे होण्याचेही कारण उरले नाही.

पुढचे पाऊल अधिक उद्‌बोधक आहे. ही योजना एका गाडीपुरती न ठेवता मॅक्कँडलेसने ताठ सांगाड्याच्या जुन्या गाड्यांसाठी एक रूपांतर-संच तयार केला, तो निरनिराळ्या बनावटीच्या गाड्यांवर आजमावला आणि पुढे त्याचे हक्क फेरिडॅक्स या व्यापारी संस्थेकडे गेले. एखाद्या कारखान्याने स्वतःच्या एका नमुन्यावर केलेल्या चाचणीपेक्षा या आजमावणीचे मोल निराळे होते. तोच मागचा भाग वेगवेगळ्या सांगाड्यांवर चढविला की कोणता दोष सस्पेन्शनचा आणि कोणता सांगाड्याचा, याची निवड आपोआप होऊ लागते. मागील चाक जमिनीला चिकटून राहू लागताच स्वार अधिक वेगाने वळण घेतो, आणि मग पूर्वी जाणवत नसलेला सांगाड्याचा पिळवटा जाणवू लागतो. सुटा भाग सुधारून पुरे होत नाही, संपूर्ण सांगाडाच नव्याने रचला पाहिजे, या निष्कर्षाकडे मॅक्कँडलेस याच वाटेने गेला असावा असे अनुमान करण्यास भरपूर जागा आहे.

तो सांगाडा नॉर्टनने स्वीकारला. रेनॉल्ड्‌स ५३१ जातीच्या पोलादी नळ्यांचे दोन वेढे इंजिनाभोवती फिरवून ते मानेपाशी एकमेकांस छेदतील अशी त्याची रचना होती; मागे स्विंग आर्म, पुढे रोडहोल्डर फोर्क. हॅरॉल्ड डॅनियल या शर्यतपटूने त्यावर बसून पाहिल्यावर जुन्याच्या मानाने हा पिसांच्या गादीसारखा वाटतो असा अभिप्राय दिला, व ‘फेदरबेड’ हे नाव रूढ झाले. एप्रिल १९५० मध्ये ब्लँडफर्ड येथे जेफ ड्यूकने त्यावर पहिला विजय मिळविला. त्याच वर्षी आइल ऑफ मॅन येथे सीनियर व ज्युनियर या दोन्ही शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनचे आले. नॉर्टनचे एकसिलिंडरी इंजिन तेव्हा इटलीच्या चार सिलिंडरच्या जिलेरापुढे शक्तीने उणे पडत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या विजयांत सांगाड्याचा वाटा किती होता ते उमजते.

सर्व श्रेय एकाच मनुष्याच्या पदरी टाकण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. रॉयल एनफील्डने १९४८ साली आपल्या बुलेटचे स्विंग आर्म असलेले नमुने खडतर चाचणी-स्पर्धांत उतरविले आणि १९४९ पासून ती गाडी बाजारात आणली. त्या वाटेचा बेलफास्टशी संबंध नाही. १९५५ मध्ये मद्रासेत स्थापन झालेल्या एनफील्ड इंडियामुळे हीच बुलेट भारतीय रस्त्यांवर रुळली. महाराष्ट्रातील वाचकाच्या नित्य परिचयाचा स्विंग आर्म हा असा दुसऱ्या शाखेचा आहे.

फेदरबेडचा उत्तरार्ध तर उसनवारीचाच इतिहास आहे. त्या सुमारास इंग्लंडात ५०० सीसी इंजिनाच्या छोट्या शर्यती मोटारींचा प्रकार भरास आला होता. त्यांना नॉर्टन मँक्सचे इंजिन हवे असे, परंतु कारखाना सुटे इंजिन विकीत नसे. म्हणून मोटारवाले संपूर्ण मोटारसायकल विकत घेऊन इंजिन काढून घेत, आणि मागे उत्कृष्ट सस्पेन्शनसह एक अनाथ सांगाडा उरे. दुसरीकडे ट्रायम्फची जोडसिलिंडरी इंजिने वेगवान व सुधारण्यास सोपी, पण तिच्या सांगाड्याचा लौकिक यथातथाच. ट्रायम्फने १९५४ साली स्विंग आर्म आणला खरा, तरी त्याच्या खुंटीला दोन्ही बाजूंनी पुरेसा आधार नव्हता. या दोन उणिवांच्या बेरजेतून ‘ट्रायटन’ निर्माण झाली : नॉर्टनचा देह, ट्रायम्फचे हृदय. तिला कोणताही कारखाना नव्हता. तिची निर्मिती घरामागच्या शेडमध्ये आणि लहान दुकानांत होत असे. इंजिन धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या एवढाच काय तो नवा भाग. १९६५ साली डेव्ह डेगन्स आणि रेक्स बुचर यांनी अशाच एका ट्रायटनवर बार्सिलोनाची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

या हौशी कारागिरीची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. ज्यास संपूर्ण फेदरबेड परवडत नसे तो नुसता फोर्क आणून आपल्या जुन्या सांगाड्यास बसवी. फोर्कची लांबी मूळच्याहून कमी असली की गाडीचे नाक खाली येते, मानेचा कल उभा होतो आणि मानेच्या दांड्याची रेषा जमिनीस जेथे मिळते तो बिंदू व चाक टेकण्याचा बिंदू यांतील अंतर घटते. गाडी सरळ ठेवणारे बळ मुख्यतः या अंतरावर अवलंबून असते. ते घटलेली गाडी गल्लीत हलकी व चपळ वाटते. महामार्गावर मात्र तिचे हँडल एकाएकी थरथरू लागते. दाता-वाहनावर निर्दोष असलेला भाग ग्राहक-वाहनावर घातक ठरतो, तो असा.

या सर्व घडामोडीचा पुरावा कागदांत थोडा आणि लोखंडात फार आहे. घरी जोडलेल्या गाड्यांची आरेखने नाहीत. कोणत्या सांगाड्याची कोठे कापाकापी झाली, कोणत्या भोकाला नंतर जोड दिला, कोणता फोर्क कशासाठी आखूड केला, हे प्रत्यक्ष गाडीवरच वाचावे लागते. अलीकडच्या दशकांत मात्र इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक मूळच्याप्रमाणे जुळणाऱ्या गाड्यांस संग्राहकांकडून मोठी किंमत येऊ लागली आहे. परिणामी कित्येक ट्रायटन मोडून त्यांतून पुन्हा एक नॉर्टन आणि एक ट्रायम्फ उभी करण्यात आली. या कामास जीर्णोद्धार म्हणतात. त्यात कारखान्याचा दस्तऐवज पुन्हा लिहिला जातो, आणि त्यावर कारागिराने केलेले शेरे खरवडले जातात. ताठ सांगाड्यावर मॅक्कँडलेसचा संच चढविलेल्या गाड्यांनाही हाच धोका आहे, कारण कारखान्याच्या सूचीशी ताडून पाहता त्या ‘चुकीच्या’ ठरतात. अशा गाडीचा मागचा भाग उतरविण्यापूर्वी तिची मापे व छायाचित्रे घेऊन ठेवण्याची पद्धत अद्याप सार्वत्रिक झालेली नाही.