वारा उलट, तरी पाणी चढते : गॅल्व्हेस्टन, १९००

८ सप्टेंबर १९०० हा शनिवार होता. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या गॅल्व्हेस्टन या बंदरात त्या दिवशी सकाळी लोक समुद्र पाहायला निघाले. उन्हाळा कडक गेला होता, आणि आता उत्तरेकडून गार वारा येत होता. मेक्सिकोच्या आखातावरच्या लाटा मात्र नेहमीच्या नव्हत्या. खांबांवर उभारलेली मोठी स्नानगृहे किनाऱ्यालगत समुद्रातच होती. लाटा त्यांच्यावर आपटून फुटत होत्या आणि ते दृश्य पाहायला गर्दी जमली होती. सखल रस्त्यांवर पाणी आले होते. त्यात मुले खेळत होती, काही तर लाकडी टबात बसून तरंगत होती. रस्त्यावर पाणी येणे गावाला नवीन नव्हते. पुष्कळशी घरेच मुळी जमिनीपासून उंच, खांबांवर बांधलेली होती.

दुपारपर्यंत स्नानगृहे मोडू लागली आणि बघे घरी परतले. उजाडेपर्यंत शहरातील सुमारे ३७,८०० माणसांपैकी सहा ते आठ हजार माणसे मेली होती. अमेरिकेच्या इतिहासात एवढी मनुष्यहानी करणारी दुसरी नैसर्गिक आपत्ती नाही.

ही हकिकत सांगताना ‘तेव्हा उपग्रह नव्हते, रडार नव्हते, लोकांना कळणार तरी कसे?’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. पण ते अर्धेच खरे आहे. वादळाची वर्दी दीड दिवस आधी किनाऱ्यावर पोचली होती. ती समुद्राने आणली होती. हवामान खात्याच्या तेथील प्रमुखाने ती पाहिली, घड्याळ लावून मोजली आणि वॉशिंग्टनला तारेने कळवलीही. मग घोडे अडले कुठे, हा या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

गॅल्व्हेस्टन हे वाळूच्या एका लांबट बेटावर वसलेले शहर. बेटाची लांबी सुमारे ४८ किलोमीटर, रुंदी जेमतेम तीन-चार किलोमीटर, आणि शहरातली सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून ८.७ फूट, म्हणजे एका मजल्याएवढीही नाही. एका बाजूला आखात, दुसऱ्या बाजूला उथळ खाडी. कापसाच्या निर्यातीने हे बंदर श्रीमंत झाले होते. नैर्ऋत्येला पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरवर इंडियनोला नावाचे असेच एक बंदर होते. १८७५ साली चक्रीवादळाने ते उद्ध्वस्त केले, लोकांनी पुन्हा बांधले, १८८६ साली ते पुन्हा गेले आणि लोकांनी गाव सोडून दिले. त्यानंतर गॅल्व्हेस्टनमध्ये समुद्राला भिंत घालण्याची चर्चा झाली. ती चर्चाच राहिली.

आयझॅक क्लाइन १८८९ साली हवामान कार्यालयाचा प्रमुख म्हणून या शहरात आला. जुलै १८९१ मध्ये त्याने स्थानिक वृत्तपत्रात एक लेख लिहिला. वेस्ट इंडीजकडून येणारी चक्रीवादळे टेक्सासकडे वळतच नाहीत, वळली ती अपवादाने. आणि शहराचे मोठे नुकसान करील अशी लाट उठणे शक्यच नाही, असे त्याने ठामपणे मांडले. त्याचे एक कारण असे, की इथला समुद्रतळ फार उथळ आणि हळूहळू उतरत जाणारा आहे. मोठ्या लाटा शहरापर्यंत पोचण्याआधीच फुटून जातील. दुसरे असे, की खाडीपलीकडची जमीन बेटाहूनही सखल आहे. आलेले पाणी तिकडे पसरेल.

यातला पहिला मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तो वरवर पटतो. लाटा उथळ पाण्यात फुटतात हे खरेच. पण चक्रीवादळात माणसे बहुधा लाटांनी मरत नाहीत. किनाऱ्याचे सगळे पाणीच वर चढते, आणि लाटा त्या चढलेल्या पाण्यावर स्वार होऊन येतात. हे चढणे, म्हणजेच वादळी उधाण, कशामुळे होते? वादळाच्या मध्याशी हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे पाणी थोडे वर ओढले जाते. दर एक मिलिबारला साधारण एक सेंटिमीटर, असा त्याचा हिशेब आहे. गॅल्व्हेस्टनला वायुभारमापकातील पारा २८.४८ इंचांपर्यंत उतरला, म्हणजे सुमारे ९६४ मिलिबार. नेहमीच्या १०१३ मधून तो वजा केला तर या कारणाने पाणी अर्धा मीटर चढेल, जास्त नाही. प्रत्यक्षात ते पंधरा फुटांहून, म्हणजे साडेचार मीटरहून अधिक चढले. बाकीचे काम वाऱ्याचे. वारा पाण्याला किनाऱ्याकडे ढकलतो. समुद्र खोल असेल तर ढकललेले पाणी तळाकडून परत फिरते आणि फुगवटा लहान राहतो. समुद्र उथळ असेल तर परतीला वाव नसतो, आणि पाण्याचा उतार चढत जातो. गणितात मांडायचे तर हा उतार पाण्याच्या खोलीच्या व्यस्त प्रमाणात असतो: तोच वारा शंभर मीटर खोल पाण्यावर जेवढा उतार करील, त्याच्या दसपट दहा मीटर खोल पाण्यावर करतो. गॅल्व्हेस्टनसमोरचा उथळ तळ दीडशे किलोमीटरहून अधिक दूर पसरलेला आहे. क्लाइनने ज्याला ढाल मानले, तीच तलवार होती. (बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला चक्रीवादळे एवढी जीवघेणी का ठरतात, याचे एक मोठे कारणही हेच.)

क्लाइन एकटाच चुकला असे मात्र नव्हे. वरिष्ठांचेही तेच मत होते, आणि तिथे शास्त्रापेक्षा अहंकार मोठा होता. वादळ ३ ते ५ सप्टेंबरच्या सुमारास क्यूबावरून गेले. क्यूबातील हवानाच्या बेलेन महाविद्यालयात जेझुइट धर्मगुरूंची वेधशाळा होती. १८७० पासून फादर बेनितो व्हिन्येस यांनी तिथे उंचावरच्या पिसासारख्या ढगांची दिशा, वारा आणि दाब यांवरून वादळाचा रोख ओळखण्याची पद्धत बसवली होती, आणि सप्टेंबर १८७५ मध्ये त्यांनी चक्रीवादळाचा इशारा आधी जाहीर केला होता. १८९३ मध्ये ते वारले. फादर गांगोइते यांनी काम पुढे चालवले. १८९८ च्या युद्धानंतर क्यूबा अमेरिकेच्या ताब्यात आला. अमेरिकी हवामान खात्याचा प्रमुख विलिस मूर याला या स्थानिक मंडळींचे इशारे म्हणजे उगाच घबराट पसरवणे वाटे. १९०० च्या ऐन वादळी मोसमात त्याच्या खटपटीने क्यूबातील सरकारी तारयंत्रावरून त्यांचे वादळाचे संदेश पाठवण्यास बंदी घातली गेली.

त्यानंतर लगेच हे वादळ आले. वॉशिंग्टनचा अंदाज असा, की ते ईशान्येला वळून फ्लोरिडावरून अटलांटिक किनाऱ्याने जाईल, कारण अशी वादळे वळतात असा नियम आहे. बेलेनच्या वेधशाळेचे म्हणणे, ते वळलेले नाही, पश्चिमेकडे टेक्सासच्या रोखाने निघाले आहे. क्यूबा आणि टेक्सास यांच्यामध्ये हजारावर किलोमीटरचा समुद्र. त्यावरच्या जहाजांवर तेव्हा बिनतारी यंत्रे नव्हती. जहाज वादळात सापडले तरी बंदराला लागेपर्यंत ते कोणाला काही सांगू शकत नव्हते.

समुद्र सांगू शकत होता. शुक्रवारी, ७ तारखेला, वॉशिंग्टनच्या हुकमावरून कार्यालयावर वादळाचा बावटा चढला: तांबडे निशाण, मध्ये काळा चौकोन, वर पांढरी पताका. पांढरी पताका वर याचा अर्थ वायव्येचा वारा अपेक्षित. आपल्याकडे बंदरात तीन नंबरचा बावटा लागला की गावात जेवढी चर्चा होते, तेवढीच तिथे झाली असावी. त्याच दुपारपासून आग्नेयेकडून लांबलचक, संथ लाटा येऊ लागल्या.

या लाटा आधी कशा पोचतात? खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या आवर्तनकालावर अवलंबून असतो. सेकंदांतील आवर्तनकालाला १.५६ ने गुणले की मीटर दर सेकंद वेग मिळतो. लाटांचा समूह, म्हणजे त्यांची ऊर्जा, मात्र याच्या निम्म्या वेगाने पुढे सरकते. बारा सेकंदांची लाट घेतली तर समूहाचा वेग सेकंदाला सुमारे ९.४ मीटर, म्हणजे ताशी ३४ किलोमीटर. वादळ स्वतः ताशी वीसएक किलोमीटरने येत होते असे धरू. हजार किलोमीटरवरून निघालेल्या या लाटा २९-३० तासांत पोचतील, वादळाला पन्नास तास लागतील. वीस तासांची आघाडी! नववीच्या वर्गात फळ्यावर सहज करून दाखवता येईल असा हा हिशेब आहे. आवर्तनकाल आठ आणि सोळा सेकंद घेऊन मुलांना पुन्हा करायला लावावा.

शनिवारी पहाटे आयझॅकचा भाऊ आणि सहकारी जोसेफ क्लाइन याने त्याला उठवले: पाणी सखल भागात शिरत आहे. आयझॅक घोडागाडी जोडून किनाऱ्यावर गेला आणि घड्याळ काढून त्याने लाटा मोजल्या. वारा उत्तरेचा होता, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. अशा वाऱ्याने किनाऱ्याचे पाणी ओसरायला हवे. ते चढत होते. विरुद्ध वारा असताना एवढे पाणी आपण कधी पाहिलेले नाही, असे त्याने वॉशिंग्टनला कळवले.

पुढे त्याने लिहिलेल्या अहवालात एक जागा मला फार बोलकी वाटते. वादळाची नेहमीची चिन्हे दिसली नाहीत, असे तो म्हणतो. विटेच्या भुकटीसारखे तांबूस आकाश तर अजिबात नव्हते. वायुभारमापक ६ तारखेच्या दुपारपासून उतरत होता, पण अगदी हळू. ८ तारखेच्या दुपारी बारा वाजताही तो २९.४२ इंचांवर होता. पुस्तकातल्या खुणा आकाशात नव्हत्या. जी खूण होती ती पुस्तकात नव्हती. खरे तर वाऱ्यानेही सांगितले होते: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले तर कमी दाबाचा मध्य डाव्या हाताला, किंचित पुढे असतो. उत्तरेच्या वाऱ्याकडे पाठ केली तर डावा हात पूर्वेला आणि किंचित पुढे म्हणजे आग्नेयेला. लाटाही तिकडूनच येत होत्या. दोन साक्षीदार एकाच दिशेला बोट दाखवत होते.

त्या दिवशी किनाऱ्यावर घोडागाडी फिरवून आपण लोकांना हलायला सांगितले, असे क्लाइनने १९४५ सालच्या आत्मचरित्रात लिहिले आहे. वाचलेल्या लोकांच्या हकिकतींत याला भक्कम आधार मिळत नाही, म्हणून काही इतिहासकार त्यावर शंका घेतात. ते काही असो. दुपारी खाडीवरचे पूल पाण्याखाली गेले आणि बाहेर पडायची वाट संपली. उत्तरेचा वारा खाडीचे पाणी एका बाजूने शहरात लोटत होता, आखात दुसऱ्या बाजूने येत होते. साडेतीनच्या सुमारास जोसेफने अर्धे शहर पाण्यात असल्याचा संदेश पाठवला. सव्वासहाला ताशी शंभर मैलांची नोंद करून वायुवेगमापक उडून गेला. साडेसातला पाणी चार सेकंदांत चार फूट चढले. क्लाइनच्या मजबूत घरात सुमारे पन्नास लोक आसऱ्याला आले होते; घर कोसळले, वाचले अठरा. त्याची गरोदर पत्नी त्यात गेली. किनाऱ्यालगतच्या अनाथाश्रमातील ९० मुले आणि १० जोगिणी बुडाल्या. तीन मुलगे तेवढे झाडाला धरून राहिले. ३,६०० हून अधिक घरे नाहीशी झाली.

त्यानंतर भिंत झाली. १९०२ ते १९०४ या काळात १७ फूट उंचीचा पहिला टप्पा बांधला, आणि मग वाळू आणि चिखल भरून शहरच वर उचलले. दोन हजारांवर इमारती जॅक लावून उंच केल्या. १९१५ साली तसेच मोठे चक्रीवादळ आले तेव्हा भिंतीमागच्या शहरात मृत्यू अगदी थोडे झाले.

क्लाइनची १९०१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला बदली झाली. तिथे त्याने जो विषय हाती घेतला तो पाहण्यासारखा आहे: आखाताच्या किनाऱ्यावरील पाण्याच्या पातळीच्या नोंदींवरून चक्रीवादळाचा मध्य आणि रोख ओळखता येईल काय? १९२० साली त्याने यावर निबंध प्रसिद्ध केला, १९२६ साली ग्रंथ. गॅल्व्हेस्टनच्या किनाऱ्यावर त्या पहाटे जे त्याच्यासमोर घडत होते, तेच.

उलट वाऱ्यात पाणी का चढले याचा मात्र उलगडा व्हायला आणखी पुष्कळ वर्षे गेली. सप्टेंबर २००८ मध्ये ‘आइक’ हे चक्रीवादळ गॅल्व्हेस्टनकडे आले, तेव्हा वादळ धडकण्याच्या बारा ते चोवीस तास आधीच पाणी सुमारे दोन मीटर चढले. वारा किनाऱ्याकडे नव्हता, किनाऱ्याला समांतर होता. संशोधकांनी मोजमापे तपासली तेव्हा कारण सापडले. रुंद, उथळ तळावर वारा पाण्याचा प्रवाह किनाऱ्याकाठाने पश्चिमेकडे वाहवतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाहती वस्तू उजवीकडे झुकते. पश्चिमेकडे वाहणाऱ्या पाण्याची उजवी बाजू म्हणजे उत्तर, म्हणजे टेक्सासचा किनारा. १९०० च्या पहाटेचे पाणीही बहुधा असेच चढले असावे.

२००८ मध्ये उपग्रह होते, अंदाज अचूक होता, जागा सोडण्याचे हुकूम सुटले होते. बेटाच्या पूर्वेला असलेल्या बोलिव्हर द्वीपकल्पावर काही लोकांनी शुक्रवारी सकाळी निघायचे ठरवले होते. वादळ शुक्रवारी मध्यरात्रीनंतर येणार होते. सकाळी ते निघाले तेव्हा रस्त्यावर पाणी होते. पुष्कळांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले.