रूपकावरचा खटला

मराठी कवितेतील रूपकाची अत्यंत निर्दय, आणि तितकीच बारकाईची, चिकित्सा १९०९ साली मुंबई उच्च न्यायालयात झाली. गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकरांनी प्रसिद्ध केलेल्या ‘लघु अभिनव भारतमाला’ या पुस्तिकेतील काही पदांवर राजद्रोह आणि युद्धास चिथावणी असे आरोप होते. ८ जून १९०९ रोजी नाशिकच्या सत्र न्यायालयाने जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा दिली. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. ही पदे गोविंद त्र्यंबक दरेकर या पायांनी अधू असलेल्या आणि पूर्वी लावण्या रचणाऱ्या कवीची होती.

पदांचा वाच्यार्थ पौराणिक-ऐतिहासिक होता. न्यायमूर्ती नारायण चंदावरकरांनी तो बाजूला सारला. देवता आणि शिवाजीसारखे वीर हे केवळ निमित्त, खरा उपदेश आजच्या सरकारविरुद्ध शस्त्र उचलण्याचा, असा त्यांच्या निकालाचा आशय. प्रार्थना समाजाचा हा नेमस्त धुरीण इथे जणू आनंदवर्धनाच्या पंक्तीत बसतो: व्यंग्यार्थ हाच प्रधान! सहृदयाच्या आस्वादातून जन्मठेप निष्पन्न व्हावी, एवढेच काय ते वेगळे.

तरीही या वाचनात एक उणीव राहते. ‘निमित्त’ या शब्दात भूतकाळ हा काढून टाकता येण्याजोगा बुरखा आहे, असे गृहीत आहे. रोह्याच्या माथ्यावर अवचितगड उभा आहे; तानाजीचे उमरठे आणि खुद्द रायगड याच जिल्ह्यात. पेणच्या मूर्ती ज्या गणेशोत्सवात बसतात, त्याच उत्सवाच्या मेळ्यांनी १८९४ नंतर राजकीय पदे चौकाचौकांत नेली. अशा मुलखातील श्रोत्याला शिवाजी हे कशाचे तरी चिन्ह म्हणून भेटत नाही. तो आधी स्वतः खरा असतो, आणि म्हणूनच वर्तमानाला लागू पडतो. दोन्ही अर्थ एकाच सुरात ऐकले जातात. त्यांतला एक सोलून काढणे ही न्यायालयाची गरज होती, गाण्याची नव्हे.

आयर्लंडची तुलना इथे उद्बोधक ठरते. अठराव्या शतकातील गेलिक ‘अश्लिंग’ काव्यात देश स्वप्नात दिसणाऱ्या स्त्रीच्या रूपाने येतो. १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘नेशन’ पत्रातून टॉमस डेव्हिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मात्र इंग्रजीत, उघड नाव घेऊन गाणी लिहिली. राज्यकर्त्याच्याच भाषेत लिहिलेल्या त्या गाण्यांना अनुवादकाची गरज नव्हती. मराठी पद आधी इंग्रजीत उतरवावे लागे, आणि चाल, ताल, समूहाचा ठेका वाटेत गळून सरकारदरबारी उरे तो फक्त मजकूर.

खाडिलकरांच्या १९०७ च्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली. तेथेही कीचक म्हणजे कर्झन हे प्रेक्षकांनी आधीच ओळखले होते. सरकारने उशिरा ओळखले.