दंडावरची पट्टी

२२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री एम्डन या जर्मन युद्धनौकेनं मद्रासवर तोफा डागल्या आणि बंदरातल्या तेलाच्या टाक्या पेटल्या. तमिळमध्ये आजही बेरकी माणसाला ‘एम्डन’ म्हणतात. ती ज्या जर्मन ताफ्यातली होती, त्याला संदेश मिळू नयेत म्हणून एक लढाई अकरा दिवस आधीच झाली होती, पॅसिफिकमधल्या न्यू ब्रिटन बेटावर. तिथे ब्रायन पॉकली हा डॉक्टर मारला गेला. वय वर्षं २४.

पॉकली सिडनीचा, तिथल्या नावाजलेल्या नेत्रतज्ज्ञाचा मुलगा. हुद्दा लष्करी वैद्यकीय दलातल्या कॅप्टनचा, पण त्या दिवशी तो नौदलाच्या राखीव खलाशांबरोबर उतरला होता.

मी दिवसभर सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे या मोहिमेमागचं गणित मला लगेच पटलं. अख्ख्या पॅसिफिकमध्ये जहाजं शोधत बसण्यापेक्षा त्यांचं नेटवर्क तोडा. त्या भागातली जर्मन बिनतारी केंद्रं ताब्यात घ्या, असं ब्रिटननं ६ ऑगस्टला ऑस्ट्रेलियाला कळवलं आणि १९ ऑगस्टला बेरिमा हे जहाज सैन्य घेऊन सिडनीहून निघालंसुद्धा. प्रवासी बोट होती ती, घाईघाईत युद्धाला जुंपलेली.

११ सप्टेंबरच्या सकाळी काबाकाउलला २५ खलाशी उतरले. बिता पाकाचं केंद्र तिथून सातेक किलोमीटर आत. मधे दाट जंगल आणि एकच अरुंद रस्ता. पहिल्याच चकमकीत माउडरर नावाच्या जर्मन सार्जंटच्या हाताला गोळी लागली. पॉकलीनं तिथेच, जंगलात, शस्त्रक्रिया करून त्याचा हात कापला. शत्रूवर उपचार करून तो पुढे निघाला.

मग विल्यम्स या खलाशाच्या पोटात गोळी लागली. त्याला मागे न्यायचं काम केम्बर या दुसऱ्या खलाशाकडे आलं. पॉकलीनं स्वतःच्या दंडावरची रेडक्रॉसची पट्टी सोडून केम्बरला बांधली. वैद्यकीय माणसावर गोळी झाडायची नाही, हा जिनिव्हा कराराचा नियम. त्या पट्टीचा अर्थ तेवढाच. नंतर पॉकली पट्टीविना पुढे गेला आणि त्याला गोळी लागली. विल्यम्स आणि तो, दोघंही त्याच दुपारी बेरिमावर वारले.

इतक्या गच्च झाडीत ती पट्टी कुणाला दिसली असती का? मला शंका आहे. पण पॉकलीचा तिच्यावर विश्वास होता, नाहीतर त्यानं ती केम्बरला कशाला दिली असती?

संध्याकाळी केंद्र हाती आलं. मनोरा जर्मनांनीच पाडला होता, यंत्रं शाबूत होती. ऑस्ट्रेलियाचे सहा जण गेले; त्यांची नावं, हुद्दे, सगळं नोंदलेलं आहे. समोरच्या बाजूला एक जर्मन आणि त्यांच्या हाताखाली लढणारे सुमारे तीस मेलानेशियन शिपाई. हे ‘सुमारे’ मला फार टोचतं. जमीन त्यांचीच होती, भांडण मात्र दोन परक्या साम्राज्यांचं.

पॉकलीचा भाऊ १९१८ मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला. पॉकली स्वतः बिता पाकाच्याच युद्धस्मशानभूमीत आहे. तिथे भारतीय सैनिकही आहेत: दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या हाती सापडलेले, युद्धकैदी म्हणून या बेटावर आणलेले.