ओलावा आत्ताचा की मघाचा? सेन्सरचा ताजा आकडा असा घ्या

रेणापूर : तुरीला पाणी देऊन झालं तरी स्क्रीनवर रान कोरडंच दिसतं अन् मोटार चालूच राहते. दोष दरवेळी सेन्सरचाच असतो असं नाही. अर्डुइनो सेकंदाला एक आकडा पाठवतो, लॅपटॉपवरचा प्रोग्राम मात्र मिनिटाला एकच ओळ वाचत असेल तर बाकीच्या रांगेत साचतात. आधी आलेली ओळ आधी मिळते. म्हणजे १० मिनिटांनी हाती पडते ती १० व्या सेकंदाची ओळ!

पायथनच्या पायसिरियलमध्ये वाचण्याआधी 'रिसेट इनपुट बफर' ही आज्ञा देऊन रांग रिकामी करावी. नंतरची पहिली ओळ अर्धवट असू शकते. ती सोडून दुसरी घ्यावी. पोर्ट उघडताच उनो बोर्ड नव्याने सुरू होतं, तेव्हा दोनेक सेकंद थांबावं. वेग दोन्हीकडे सारखाच, बहुधा ९६००.