साधारणीकरण आणि छायाचित्रातील आई

भट्टनायकाचा साधारणीकरणाचा विचार काव्यनाट्यात सहज पटतो. रंगभूमीवरील शकुंतला ही ‘अमुक एक स्त्री’ राहत नाही, म्हणूनच तिचे दुःख आस्वाद्य होते. पण समोरची स्त्री खरीखुरी असेल तर? बेघर कुटुंबांतील वात्सल्य टिपणाऱ्या दस्तऐवजी छायाचित्रणाने हा प्रश्न निर्माण केला आहे, असे आम्हांस वाटते.

मार्च १९३६ मध्ये, अमेरिकेतील महामंदीच्या काळात, डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईची मोजकी छायाचित्रे घेतली. त्यांतील एक ‘मायग्रंट मदर’ म्हणून जगभर पोहोचले. मांडीवर तान्हे मूल, दोन्ही खांद्यांशी तोंड लपवून बिलगलेली दोन मुले. त्यांचे चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे ती कोणाचीही मुले होऊ शकतात. आईचे नाव आपण विचारले नव्हते, असे लँग यांनीच १९६० मध्ये लिहिले. छायाचित्र छापून आल्यावर तळावर अन्नधान्य आले, पण तोवर हे कुटुंब पुढे निघून गेले होते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळले ते १९७८ मध्ये. या प्रसिद्धीतून आपल्याला काहीच मिळाले नाही, ही त्यांची खंत होती. साधारणीकरण पूर्ण झाले होते; त्याची किंमत मात्र एका विशिष्ट बाईने मोजली.

डार्सी पडिला यांची वाट वेगळी. सान फ्रान्सिस्कोमधील एका स्वस्त हॉटेलात १९९३ मध्ये त्यांना १८ वर्षांची एक एचआयव्हीबाधित आई भेटली. कडेवर काही दिवसांची मुलगी होती. २०१० मध्ये त्या आईचा मृत्यू होईपर्यंत पडिला तिची छायाचित्रे घेत राहिल्या. ‘फॅमिली लव्ह’ हे पुस्तक २०१४ मध्ये निघाले. त्यात माया आहे, तशीच व्यसने आहेत आणि दुरावलेली मुलेही आहेत. ही आई प्रतीक होऊ शकत नाही; वर्षांचा साठा तिला तसे होऊ देत नाही.

अर्थात येथेही किंमत आहेच. तिचे आजारपण आणि मरण सर्वांसमोर उघडे झाले. तरीही आम्हांस दुसरी वाट इतिहासाला अधिक जवळची वाटते. लँग यांच्या चित्रात प्रेम ही एक मुद्रा आहे. पडिलांच्या चित्रांत ते रोज करावे लागणारे, अनेकदा फसणारे काम आहे. करुणरस शिकवताना ‘मायग्रंट मदर’ वर्गात जरूर दाखवावे, पण त्याखाली थॉम्पसनबाईंचे नाव लिहून.